नाव न सांगितलेला वाटाड्या

कॅप्टन श्टाल्बर्गची रोजनिशी. लाल खडकाखालचा तळ.
"वाटाड्याने शब्द पाळला. त्याच्या मागून आम्ही खिंड चढलो, आणि पलीकडच्या दरीत बंडातून पळालेली कुटुंबे आयती सापडली. पुढचे काम शिपायांनी केले. मी डोंगराची उंची मोजली. परतल्यावर वाटाड्या तळावरच्या एकुलत्या तंबूत शिरला आणि दारासमोरच्या गाद्यांवर ऐसपैस बसला. तिथल्या तिघी तरुण बायकांना मी त्याचे नाव विचारले. तिघींनी तोंडे फिरवली. एकीलाही ते सांगता आले नाही. यावरून तो या लोकांना परका असावा."

टीप.
वाटाड्या : परमुलखातला. अधिक माहिती नाही. – तु.

या जुन्या रोजनिशीचा अनुवाद करणाऱ्या साल्किनला ही टीप खटकली, ती आधी तिच्या आखूडपणामुळे. पुस्तकाच्या टिपा तुर्दाकून बाइकेंच्या, म्हणजे तुर्दाकूनदादांच्या; घोड्याच्या नालेवर दीड पान लिहिणारा हा माणूस. कॅप्टन श्टाल्बर्गने कुठे चहा घेतला की बाइके त्या चहातल्या मिठाचा इतिहास सांगत. आणि इथे, अख्ख्या दरीचा घात करणाऱ्या माणसाबद्दल, एवढंच?

शिवाय कॅप्टन परका. त्याला कळलं नाही ते ठीक. बाइके तर इथलेच. नारिनच्या कुठल्याही शेंबड्या पोराला विचारा : सून सासरच्या वडीलधाऱ्या पुरुषाचं नाव घेत नाही. मेली तरी घेत नाही. तिघी गप्प राहिल्या, म्हणजे वाटाड्या त्यांचा सासरा होता. बसलाही दारासमोर, घरधन्याच्या मानाच्या जागी.

आणि लाल खडकाखाली आज कुणाचं घर आहे? तुर्दाकून बाइकेंचं.

खोडलेली टीप, साल्किनच्या हातची.
वाटाड्या : टीपकर्त्याच्या घराण्यातला असण्याची शक्यता

ती बाइकेंकडे गेली तेव्हा ते अंगणात मेंढीचं कातडं ताणत होते. शाळेत त्यांनीच तिला इतिहास शिकवला होता.

"बाइके, लाल खडकाची टीप जरा वाढवू या का?"

"कशाला? तिथं काही नाही."

"टोपीवर पान भरलंत तुम्ही."

"टोपी होतीच तशी."

"त्या बायका गप्प का राहिल्या, ते तरी लिहा."

त्यांचा हात थांबला. "घाबरल्या असतील. शिपाई होते ना बरोबर."

"तुम्हाला ठाऊक आहे, घाबरल्या नव्हत्या."

"पोरी," ते कातड्याकडेच बघत म्हणाले, "तू अनुवाद कर. टीप माझ्यावर सोड. तुझ्याच भल्याचं सांगतो."

भल्याचं! चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. तळाचा नकाशा मागितला, तर म्हणे पुतण्याने नेलाय. पुतण्या तर समोरच गाडी धूत होता.

वाटेत तिने सगळं मनात जुळवलं. प्रकाशकाला कळवायचं, बाइकेंचं नाव पुस्तकावरून काढायला लावायचं. तिचं स्वतःचं पहिलं पुस्तक हे. खोट्या टिपेखाली तिचं नाव जाणार नव्हतं.

घरी सासू, अजार एने, कणीक तिंबत होती. बाहेर खुंट्याला शरदातल्या जेवणावळीत कापायचा घोडा खाऊन खाऊन फुगत चालला होता. तेव्हाच नवऱ्याच्या घराण्यातल्या थोरल्या आजोबांच्या नावाने स्मारकाचा दगड बसायचा होता. पळालेल्या माणसांना दरीत भाकरी पोचवणारे म्हणून सगळा जिल्हा त्यांना ओळखत होता. नवरा मॉस्कोहून तेवढ्यासाठी येणार होता.

"एने, तुमचे ते तुर्दाकून गुरुजी," साल्किनने शाल खुंटीला मारली. "निघाले की नाही लबाड! त्यांच्याच पूर्वजाने शिपाई नेले वर."

तिने सगळं सांगितलं. एनेचे हात कणकेत तसेच राहिले.

"लाल खडक म्हणालीस?"

"त्यांचंच ना घर तिथं?"

"कोल्खोजची सामुदायिक शेती आली तेव्हा आणून बसवलं त्यांना. तुर्दाकूनची आजी त्या दरीतनंच जिती आली होती, एवढीशी पोर." एनेने बोटांची कणीक खरवडली. "त्याआधी लाल खडक आपला. हिवाळ्याचा तळ. तंबू एकच, आणि कर्ता पुरुष एकच."

साल्किन खाली बसली. बाइकेंनी कुणाला झाकलं, ते आत्ता तिच्या ध्यानात आलं. आणि ज्याने सगळ्यांत आधी बोट दाखवायचं, त्यानेच झाकलं होतं.

"तुम्हाला ठाऊक होतं, एने?"

"मला काय ठाऊक असणार? लग्न होऊन आले, सासूने सांगितलं, त्यांचं नाव घ्यायचं नाही. सगळ्याच सासऱ्यांचं घेत नाहीत. पण या घरात लेकीसुद्धा घेत नसत. मी म्हटलं, केवढा हा मान."

साल्किनने उकळती किटली चुलीवरून उतरवली.

"टीप आहे तशी ठेवली," साल्किन म्हणाली, "तर कुणाला कळायचं नाही."

"तुर्दाकूनला कळलेलंच आहे."

"दगड बसायचाय. तुमचा लेक येतोय. तो माझं तोंड बघणार नाही."

"माझं बघेल का? मी तर घोडा पोसला." एनेने परात बाजूला सारली. "लिही. पण आधी तोंडाने म्हण एकदा. या घरात बाईच्या तोंडून ऐकलं नाही मी ते कधी. मला एकटीला जमायचं नाही."

नवऱ्याने दगडावर कोरायला दिलेलं नाव साल्किनने शंभरदा वाचलं होतं; ओठांवर कधी आणलं नव्हतं. मनातसुद्धा ती त्यांना 'थोरले आजोबा'च म्हणत आली होती.

"कोइचुमान," ती म्हणाली.

एने दाराकडे बघत राहिली, कुणी येतंय का ते. कुणी आलं नाही. मग खालमानेने, नवी नवरी म्हणावी तशी, तीही म्हणाली.

टीप. (दुरुस्त)
वाटाड्या : परमुलखातला नव्हे, याच तळाचा मालक, कोइचुमान. बायकांनी नाव सांगितले नाही, कारण त्या त्याच्या सुना होत्या. ही टीप लिहिणारीही त्याच घरची सून आहे. तुर्दाकून बाइकेंनी आधी लिहिलेली टीप तिला वाचवण्यासाठी होती. ती त्यांना परत केली आहे. – सा.