दारावरचा कागद

आत्या बावीस वर्षं आमच्या औषधी अर्काच्या कारखान्यासाठी माळ्यावर पानं वाळवते. सावलीत, जाळीच्या चौकटींवर, दिवसातून तीनदा हलवून. मी त्याच कारखान्याच्या प्रयोगशाळेत. त्यामुळे भट्टीत वाळवलेल्या पानांत अँटिऑक्सिडंट जास्त राहतात की माळ्यावरच्या, हे मोजायचं काम माझ्याच गळ्यात पडलं. माळा हरला तर तो बंद, हे साहेबांनी आधीच सांगून ठेवलं होतं.

माळा हरला, तोही निम्म्याने. आधी नुसत्या पाण्यात अर्क काढला, मग पाणी आणि अल्कोहोल निम्मं निम्मं घेऊन. दुसऱ्या वेळी दोन्हींचे आकडे वाढले, पण फरक काही हटेना.

संध्याकाळी आत्याकडे गेले. तिने काढ्याचा पेला पुढे केला.

"एरंडेल प्यायल्यासारखं तोंड का केलंयस? हरले ना मी?"

"हरलीस."

"मग काढा तरी पी. तो नाही हरलेला."

काढा हिरवट सोनेरी होता. कारखान्याला जाणाऱ्या तिच्या पानांचा तांबूस येतो. मी तिचा घरचा डबा उघडला. पानं त्याच माळ्यावरची, पण अख्खी होती.

"ही चिरली नाहीस?"

"घरची कशाला चिरू? कडा काळ्या पडतात. तुमची चिरते, कागद लावलाय म्हणून."

कागद माळ्याच्या दारावरच होता. 'ताजी पानं बारीक चिरून वाळवावीत.' अक्षर माझं. पाच वर्षांपूर्वी नवी नोकरी होती आणि शहाणपण उतू जात होतं. चिरलेलं पान भट्टीत काही तासांत वाळतं, त्याला काळं पडायला सवडच नसते. माळ्यावर तेच पान चार दिवस हवा खात पडतं.

"तेव्हाच बोलली का नाहीस?"

"तू शिकलेली. म्हटलं, असेल काहीतरी."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी डब्यातली पानं तपासली. ती भट्टीच्या जवळपास बरोबरीला आली. अहवालाच्या पहिल्याच ओळीत लिहिलं, की चिरायला मी सांगितलं होतं. साहेबांनी तो दोनदा वाचला.

"ही ओळ लिहायलाच हवी होती?"

"हो."

त्यांनी अहवालावर सही केली आणि म्हणाले, "माळा राहू दे."

मी कोरा कागद घेऊन आत्याकडे गेले. "सांग, मी लिहिते."

"ओल्या पानाला सुरी लावायची नाही."

"पुढे?"

"पुढचं दरवर्षी येऊन विचार," आत्या म्हणाली. "या वेळेसारखं पाच वर्षांनी नको."