तक्रार दूर झाली का?

तिने गॅलरीच्या कठड्यावर दोन फोन शेजारी शेजारी ठेवले, एक स्वतःचा आणि एक बाबांचा. समोरच्या गच्चीवरचा टॉवर हात लांब केला तर लागेल इतका जवळ. तिच्या फोनवर फोरजी, सगळ्या दांड्या भरलेल्या. बाबांच्या फोनवर मात्र थ्रीजी, आणि व्हिडिओ सुरू व्हायच्या आधीच गोल गोल फिरत बसलेला.

मोबाइल कंपनीत ती रेंज तपासायचं काम करायची. गाडीत फोन घेऊन शहरभर हिंडायचं. ते फोन दिवसभर आपोआप एकमेकांना लागत, उचलले जात, बंद होत. बोलायचं कुणीच नाही. संध्याकाळी खोलीवर परतल्यावरही यात फारसा फरक पडत नसे. बाबा इथे एकटे, ती शहराच्या त्या टोकाला एकटी, आणि मध्ये ‘वेळच मिळत नाही’ हे नेहमीचं रडगाणं.

बाबांची ही तिसरी तक्रार. लेकीला फोन करायचा सोडून त्यांनी रीतसर कंपनीकडे तक्रार नोंदवली होती, आणि हा भाग तिच्याकडे असल्यामुळे ती फिरून तिच्याच पदरात पडली. ऑफिसात चेष्टा झालीच. पहिल्या वेळी तिने फोनचं सेटिंग सुधारून दिलं होतं. दुसऱ्या वेळी फोन उघडून पाहिलाच नाही. दोष टॉवरचाच असणार असं ठरवून तिने अँटेना किंचित या इमारतीकडे वळवून घेतला. तुझ्या हाताला गुण आहे, असं बाबा म्हणाले होते. मागच्या गल्लीतले लोक तेव्हापासून रेंज नाही म्हणून बोंबलत होते.

आज तिने सेटिंग उघडलं. ‘फक्त थ्रीजी’. काखेत कळसा आणि गावाला वळसा. हे आपोआप होत नाही, कुणीतरी आत शिरून मुद्दाम करावं लागतं. बाबा जन्मभर वायरमन. फ्यूज कसा जातो आणि कसा घालवता येतो, दोन्ही त्यांना ठाऊक.

तिला आधी राग आला. मग टेबलावर काढून ठेवलेले दोन कप दिसले आणि स्वतःचीच लाज वाटली.

“बाबा, पुढच्या महिन्यात थ्रीजी बंद होतंय,” चहा घेताना ती म्हणाली. “फोन असा ठेवलात तर वाजणारसुद्धा नाही. चक्कर येऊन पडलात तर मला कळणार कसं?”

बाबा साखर विरघळून गेली तरी चमचा फिरवत राहिले. मग त्यांनी विचारलं, जुन्यात आणि नव्यात एवढा फरक तरी काय. कामाचं बोलणं तिला सोपं होतं. चालता चालता फोन एका टॉवरकडून दुसऱ्याकडे जातो, तिने सांगितलं. थ्रीजीत नव्याने धरल्याशिवाय जुना सोडत नाही, थोडा वेळ दोघांनीही धरलेलं असतं. फोरजीत आधी सोडायचं, मग धरायचं.

“आणि मधल्या वेळात?”

“डोळ्याचं पातं लवायच्या आत होतं ते. कळतही नाही.”

“जाणाऱ्याला नसेल कळत,” बाबा म्हणाले आणि कप विसळायला आत गेले.

तिने बाबांचा फोन पुन्हा हातात घेतला. मग तिने सेटिंग पूर्ववत केलं, अँटेना मूळ जागी फिरवायला ऑफिसला सांगितलं आणि आपल्या फोनवर काम पूर्ण झाल्याची खूण केली. लगेच बाबांच्या फोनवर संदेश आला. तक्रार दूर झाली का? होय असल्यास १, नाही असल्यास २.

बाबांनी हात पुसत तो वाचला. लेकीच्या नोकरीला बट्टा नको म्हणून असेल, त्यांचा अंगठा एककडे वळला. तिने फोन त्यांच्या हातून घेतला आणि दोन दाबलं.

“अगं, पण आता तर चालतोय.”

“सेटिंगला परत हात लावायचा नाही,” ती म्हणाली. “तक्रार तेवढी राहू दे.”

तिच्या खिशातला फोन वाजला. तीच तक्रार, तोच पत्ता, भेटीसाठी पुढचा आठवडा. तिने ती स्वीकारली. बाबांनी विसळून पालथे घातलेले दोन्ही कप पुन्हा सुलटे केले.