दर फेऱ्याला एक थेंब

मैत्रेयीनं ओमच्या पोटाची कातडी चिमटीत उचलली आणि सोडली. कातडी तशीच उभी राहिली, वाळत घातलेल्या धडप्याला घडी राहून जावी तशी. तिनं दुसऱ्यांदा करून पाहिलं नाही.

"वजन?" फोनवर डॉक्टरांनी विचारलं. ते तालुक्याला बैठकीत होते. त्यांच्या मागे कुणाचं तरी भाषण चालू होतं.

"सात किलो, सर. वय दीड वर्ष."

भाषण दूर गेलं; डॉक्टर उठून बाहेर आले होते.

"म्हणजे मुळातच वाळलेलं आहे लेकरू. धडाधड सलाइन सोडू नका, सिस्टर, त्याचं हृदय झेपणार नाही. किलोला पंधरा मिली, एका तासात. हळू. पण त्याहून हळूही नको."

फोन ठेवून तिनं हातमोज्यांच्या खोक्यावर पेनानं मांडलं. सात पंधरे एकशे पाच. एका मिलीत वीस थेंब, म्हणजे एकवीसशे. तासाची मिनिटं साठ. मिनिटाला पस्तीस थेंब. पुन्हा मांडलं, पुन्हा पस्तीसच आले. नर्सिंगच्या परीक्षेत या गणितात तिचा कधी अर्धा मार्कही गेला नव्हता.

डाव्या हाताच्या पाठीवर केसाएवढी एक शीर सापडली. सुई बसली. ओम रडला नाही. रडायला लागणारं पाणीही त्याच्यात उरलं नव्हतं.

खाटेच्या उशाशी त्याची आजी लालीबाई उभी होती. आरशांच्या फेटियाचा, बंजारा घागऱ्याचा, घेर तिनं गुडघ्यात दाबून धरला होता, कशाला धक्का लागू नये म्हणून. पडद्यापलीकडच्या खोलीत तिची लेक बबिता कळा देत होती. बाळंतपणाला माहेरच्या तांड्यावर आलेली बबिता तीन दिवसांच्या हगवणीनं गळालेल्या ओमला घेऊन ऑटोत बसली, आणि वाटेतच तिचं पोट दुखायला लागलं. जावई देवसिंग ऊसतोडीला दूर सांगलीकडं. एकाच ऑटोतून एक जीव जायला टेकलेला आणि एक यायला निघालेला, असे दोन्ही उतरले होते.

दवाखान्यात मैत्रेयी एकटी होती. दुसरी सिस्टर लसीकरणाला गेली होती, शिपाई तिच्यासोबत लसींचा डबा घेऊन. रुग्णवाहिका दुसऱ्या पेशंटला घेऊन यवतमाळच्या वाटेवर. यायला दीड तास तरी लागणार होता.

"सिस्टर!" आतून बबिता ओरडली.

"आली, आली. मावशी, इकडं पहा." मैत्रेयीनं सलाइनच्या नळीतली थेंबाची कुपी दाखवली. "हे जोरात गेलं त लेकराच्या छातीत पाणी भरते. हळू गेलं त आंग वाळून जाते. याच चालीनं पडलं पाह्यजे. मोजता येते का तुम्हाले?"

"येते न, विसावरी. त्याच्या पुढं माह्या बकऱ्या कधी गेल्याच नाही."

"घड्याळ?"

"नाही समजत बाई. त्याचा काटा पळते, त माहा डोळा बी त्याच्यासंग पळते."

बोलता बोलता लालीबाईचा तळहात ओमच्या मांडीवर थोपटत होता, आणि ती ओठांतल्या ओठांत काही गुणगुणत होती. मैत्रेयीची नजर थेंबावरून त्या हातावर गेली. हात पडत होता, थेंब पडत होता. दोघांत एका श्वासाचंही अंतर नव्हतं.

"हे कायचं गाणं हाय, मावशी?"

"जात्याचं. लेकीले याच्यावरच निजवलं, आता नातवाले. दुसरं येतेच कोणाले?"

"जरा मोठ्यानं म्हणा."

लालीबाई लाजली, मग म्हणाली. शब्द गोरबोलीतले, तांड्यावरच्या बंजारा बोलीतले होते. मैत्रेयीला त्यातला 'याडी' तेवढा कळला, आई. पण चाल कळली. जात्याचा खुंटा एकदा फिरून यावा, तशी ओळ वळून येत होती. मैत्रेयीनं नळीवरचं चाक कणभर सरकवलं आणि दर फेऱ्याला एक थेंब पडू लागला. मनगटावरचं घड्याळ धरून तिनं पूर्ण मिनिट मोजलं. पस्तीस.

"बस. असंच गात राहा. थेंब तुमच्या गाण्याच्या मांगं पडला, का मले हाक मारा. लगेच."

"मांगं कायले पडन? संगच ठेवतो न मी." लालीबाई हसली. "सासूनं जात्यावर बसवलं तवा अकरा वर्षांची होतो मी. अजून कोणी नाव नाही ठेवलं. तू जाय, माही पोरगी पाह्य."

पडद्यापलीकडे बबितानं लोखंडी खाटेची दांडी धरली होती. बाळाचं डोकं दिसत होतं, पण ते तिथंच अडून बसलं होतं. मैत्रेयीनं हातमोजे चढवले.

"याडी कोणाजवळ हाय?"

"ओमजवळ. गाणं ऐकू येते न?"

बबितानं मान हलवली. पडद्यातून गाणं येत होतं, ओळीमागून ओळ, फेऱ्यामागून फेरा. कळ आली की बबिता दात खाई आणि कळ गेली की आईच्या ओळीवर श्वास टेकवी. मैत्रेयीलाही त्याचा आधार वाटत होता. गाणं चालू आहे म्हणजे थेंब चालू आहे. गाण्यावर कान ठेवून तिनं हात कामात घातले.

मुलगी झाली. नाळ मानेभोवती एक वेढा घेऊन बसली होती. ती काढली, कापली. मुलगी रडली आणि मैत्रेयीनं निःश्वास सोडला, पण रक्त थांबेना. इंजेक्शन दिलं. एक हात बबिताच्या पोटावर ठेवून ती गर्भाशय चोळत राहिली. हात काढला की रक्त येत होतं, ठेवला की थांबत होतं. बाहेरचं गाणं आता संथ झालं होतं, लांबलं होतं. एकेक ओळ, सांज झाल्यावर बैल घराकडं यावा तशी येत होती. निजला असेल ओम, तिच्या मनात आलं. तिला बरंही वाटलं.

रक्त थांबलं तोवर ओमजवळून येऊन तिला चाळीस मिनिटं झाली होती.

ती बाहेर आली तेव्हा लालीबाई गात होती. हात पडत होता, थेंब पडत होता, दोघांत एका श्वासाचंही अंतर नव्हतं. मैत्रेयी पाहत राहिली, आणि मग तिनं मनगट वर केलं.

मिनिटाला नऊ.

ओमच्या हाताची पाठ भाकरीसारखी फुगली होती. सुई शिरेतून कधीच निसटली होती. पाणी कातडीखाली साठत गेलं, वाट बंद होत गेली, थेंब हळूहळू जड झाला.

"मावशी, हाक काहून नाही मारली?"

लालीबाईनं गाणं थांबवलं. "कायले मारू? मांगं पडलाच नाही न. एक बी थेंब सुटू नाही देला मी."

"पण गाणं हळू झालं नं तुमचं!"

"होतेच न बाई. दाणा ओला निंगाला का जातं जड होते, मंग गाणं बी जड घ्या लागते. समोर बसली तिचा हात थकला, त आपुन बी हळू होतो. संगवालीले सोडून पुढं जात नाही कोणी." तिनं मैत्रेयीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "चुकलं का माहं?"

मैत्रेयीनं हातावरची चिकटपट्टी सोडवली. तिनं सुई काढली. उजव्या हातावर पाहिलं, पायाच्या घोट्यावर पाहिलं, टाळूच्या कडेला पाहिलं. तीन ठिकाणी टोचलं. शिरा कोरड्या विहिरीच्या झऱ्यांसारख्या मिटल्या होत्या. शेवटी नाकातून बारीक नळी पोटात घातली आणि सिरिंजनं जलसंजीवनीचं पाणी थोडं थोडं सोडत बसली. ओमचे डोळे अर्धे उघडे होते. ते तिच्याकडे पाहत नव्हते.

रुग्णवाहिका आली. तिच्यातल्या डॉक्टरानं नाडी धरली आणि तो पटपट बोलू लागला.

"सलाइन किती गेलं?"

बाटलीवरची खूण तिनं मघाशीच पाहिली होती. सत्तर मिली जायला हवं होतं, चाळीस गेलं होतं. त्यातलं शिरेत किती आणि फुगलेल्या हातात किती, हे कुठल्याच गणितात बसत नव्हतं. चिठ्ठीवर तिनं चाळीस लिहिलं आणि पुढं प्रश्नचिन्ह केलं. डॉक्टरानं ते वाचलं, तिच्याकडे पाहिलं आणि चिठ्ठी खिशात ठेवली.

लालीबाई ओमला मांडीवर घेऊन गाडीत चढली. नाकातली नळी हलू नये म्हणून तिनं त्याचं डोकं कोपरात घट्ट धरलं होतं. दुसरा हात त्याच्या मांडीवर होता, पण तो थोपटत नव्हता. नुसताच ठेवलेला होता.

"बाई," ती म्हणाली, "आता गाऊ का नोको गाऊ?"

मैत्रेयीचा हात गाडीच्या दाराच्या कडीवर राहिला.

"गा, मावशी. पण कोणासंग नोको. तुमच्या चालीनं गा."

"एकलीनं?" लालीबाईला ते कळलं नाही. "एकलीनं कसं गातेत?"

ड्रायव्हरनं दार ओढून घेतलं. गाडी फाटकाबाहेर वळली, कपाशीच्या पऱ्हाट्यांमधल्या रस्त्यावर धूळ उठली, आणि तिचा भोंगा दूर जाईस्तोवर मैत्रेयी तिथंच उभी होती. भोंग्याखाली दुसरं काही ऐकू येतं का, ते ती पाहत होती.

आत आली तेव्हा बबिता कुशीवर वळली होती. चादरीच्या घडीत नवी पोर, मुठी आवळून.

"याडीचं गाणं काहून थांबलं?"

मैत्रेयीनं तिच्या पोटावर हात ठेवून पाहिला. गर्भाशय घट्ट होतं. रक्त नव्हतं.

"मोठ्या दवाखान्यात गेली, ओमले घेऊन. गाडी आलती."

"गात होती न?"

खिडकीतून धूळ अजून दिसत होती.

"हो."

"मंग ठीक हाय," बबिता म्हणाली. "तिचं ऐकलं का निजते थो."

तिनं डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांनीच तळहात पोरीच्या पाठीवर ठेवला आणि थोपटू लागली. ओठांतून तेच गाणं निघालं, तीच चाल. मैत्रेयीनं दुसरीकडे पाहायचं ठरवलं होतं. पण तिचं मनगट आपोआप वर आलं, आणि पूर्ण मिनिट ती काट्यावरून नजर काढू शकली नाही.

पस्तीस.