फाल्गुनातलं तवसं

फाल्गुनाची दुपार. ताम्रवर्ण, तप्त, तंद्रालस. काजूच्या मोहरावरून ऊन मधासारखं ओघळत होतं, पळसाच्या केशरज्वाळांत पेटत होतं, आणि डोंगरउतारावरच्या एकुलत्या घराच्या ओटीवर येऊन दम खात होतं.

त्या घरात तातू घाग राहत. सत्तरीचे, शुभ्रश्मश्रू, आणि नाक असं, की विचारायची सोय नाही. तीन डोंगरांपलीकडच्या बाजारात कुणी कोबी चिरला, तर तातूंना इथे शिंक यायची. वांग्याचा घास जिभेवर ठेवून ते सांगायचे, हे कुठल्या वाफ्यातलं, आणि त्याला पाणी कुणी घातलं, हसत की कुरकुरत. मी पैजेवर खात्री करून घेतली आहे. तुम्ही नका मानू हवं तर.

घराचा नेम एकच. ऋतू देईल ते ताटात. आषाढाने हरितकोमल टाकळा द्यावा, पौषाने टपोरा पावटा, चैत्राने फणसाची कुयरी. मीठ तेवढं बाजाराचं. बाकी सगळं या उताराचं, या मातीचं, या पाण्याचं.

आणि त्या दुपारी सून चंपाने ताटात धोंडस वाढलं. तवशाच्या किसाचं, गुळात शिजलेलं, सुवर्णपीत, उष्ण, सुगंधी.

तातूंचा हात थबकला. तवसं ही तर भाद्रपदाची काकडी! वेल कधीच वाळली, वाळून चुलीत गेली, जळून राख झाली. आणि फाल्गुनाच्या ताटात भाद्रपदाचा गंध!

"हे आलं कुठनं?"

"घरातलंच हाय, मामा. जेवा वाईच."

"घरातलं? फाल्गुनात? मला काय शेंबडं पोर समजलीस?"

चंपा खाडीपलीकडची, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. ती गालात हसली. संशयाला तेवढं पुरे.

"बाजाराचा जिन्नस या चुलीवर चढला असंल," तातू ताटावरून उठले, "तर उद्यापासनं माझी चूल वेगळी!"

मुलगा सीताराम घासासकट गोठला. एका छपराखाली दोन धूर! चंपाच्या ओठांवरचं हसू मावळलं.

"शोधा मग. गावलं काय बाजाराचं, तर मीच म्हायेरची वाट धरते."

संशय मांजराच्या पावलांनी घरभर हिंडला. तातूंनी कणगी हुंगली, मडकी हुंगली, सुनेच्या वहाणांना बाजाररस्त्याचं डांबर लागलंय का तेही पाहिलं. गोठ्यातल्या गाईच्या विशाल, कृष्णसजल डोळ्यांत त्यांना फितुरी दिसली. अखेर शिडी लावून, कुरकुरत्या गुडघ्यांनी, पाच वर्षांत जिथे ते चढले नव्हते, त्या चुलीवरच्या माळ्यात त्यांनी डोकं घातलं.

आणि अंधार उजळला.

धूम्रश्यामल वाशांना, केळीच्या सोपटांनी बांधलेली, एकमेकांना न टेकणारी, तवशी लोंबत होती. सुवर्णगौर, स्थूल, स्तब्ध, आणि धुराच्या वासाने तातूंच्या नाकालाही इतके महिने चकवलेली. तेरा तवशी. तेरा चंद्र. भाद्रपदात वेलीवरून गेली म्हणून ज्यांच्यापायी तातूंनी वानरांच्या सात पिढ्या उद्धरल्या होत्या, तीच ही.

खालून चंपाचा आवाज आला. "मामा, वानरं गाठ मारतात काय हो अशी? आमच्याकडं खाडीपल्याड चुलीच्या धुरावर टांगतात. शिमग्यापतूर टिकतात."

"मग सांगायला तोंड नव्हतं?"

"सांगितलं असतं, तर टिकू दिली असतीत?"

सीतारामला ठसका लागला. तो हसण्याचाच होता.

तातू उतरले. मिशांना काजळी. ताटावर बसले, धोंडस संपवलं, आणि रिकामं ताट सुनेकडे सरकवलं. "गूळ वाईच कमी पडला," म्हणाले. "वाढ आणखी."

दुपार कलली. चंपाने शेण कालवलं. तातूंनी तवशाच्या बिया राखेत घोळवल्या, शेणात माखल्या, आणि ते परसातल्या भिंतीवर पुढच्या पेरणीसाठी थापू लागले. मध्येच मान वळवून कोंबड्यांकडे पाहत. त्यांचा काय भरवसा! एक थाप, मग दुसरी, मग तिसरी. ऊन उतरत होतं, सावल्या लांबत होत्या, आणि ओलसर, हिरवट भिंत हळूहळू, हळूहळू बियांनी भरत होती.