नकाशातली अभ्यासिका

ऑफिसात तिला आकडेबाई म्हणत. तोंडावर म्हणत आणि पाठीमागेही तेच म्हणत, त्यामुळे तिला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. काम होतंच आकड्यांचं. शहराच्या कुठल्या भागात किती घरं उठली, किती पाडली, कुठे पाळणे हलले आणि कुठे नुसती म्हातारी माणसं उरली, हे बघायचं. आणि त्यावरून येत्या चार-पाच वर्षांत पहिलीच्या वर्गात किती मुलं येऊन बसणार ते काढायचं. मुलं वाढणार असतील तर वर्ग वाढवायचे, घटणार असतील तर तुकडी बंद करायची. हे काम नीट झालं तर कुणाला पत्ताही लागत नाही. चुकलं की सगळं गाव दारात.

हे तिला शिकवलं मोजणीकाकांनी. अकरा वर्षं त्यांचं टेबल तिच्या टेबलाला लागून होतं. जिना चढताना पायऱ्या मोजणारा, लग्नाला गेला तर मांडवातल्या खुर्च्या मोजणारा माणूस, म्हणून मोजणीकाका. नुसत्या कागदावर त्यांचा विश्वास नव्हता. "कागद घरं सांगतो गं," ते म्हणत, "माणसं दोरीवरचे कपडे सांगतात." मग दोघं इमारतींच्या खाली उभी राहून गॅलऱ्यांमधले फ्रॉक आणि चड्ड्या मोजायची. एकदा तिसऱ्या मजल्यावरच्या बाईला वाटलं की हे चोरच पाळत ठेवून आहेत. तिने पोलीस बोलावला. काकांनी त्या पोलिसालाच विचारलं, "तुम्हाला मुलं किती? कितवीत?" आणि वहीत लिहून घेतलं.

तिचे वडील ती सातवीत असताना गेले. बाप असता तर असाच असता, असं तिला काकांबद्दल वाटायचं. हे ती कधी बोलली नाही, पण काकांच्या निरोपाच्या कार्यक्रमात ती इतकी रडली की त्यांच्या सख्ख्या मुलीने तिला पाणी आणून दिलं.

काका निवृत्त झाले त्याला तीन वर्षं झाल्यावर नव्या संकुलाचा नकाशा तिच्या टेबलावर आला. बंद पडलेल्या कारखान्याच्या जागेवर सहाशे चाळीस घरं. नियम साधा होता. निजायची एकच खोली असलेल्या शंभर घरांमागे प्राथमिक शाळेच्या वयाची सहा मुलं धरायची, दोन खोल्या असलेल्या शंभर घरांमागे तीस. एकूण आकडा शंभराच्या वर गेला तर बिल्डरने शाळेसाठी जागा सोडायची. नकाशात प्रत्येक घराला निजायची खोली एकच होती. तिच्या शेजारी एक छोटा चौकोन आणि त्यात लिहिलेलं: अभ्यासिका.

हिशोबाने अडतीस मुलं निघत होती. जवळच्या जुन्या शाळेत दोनशे चाळीस जागा आणि पट दोनशे पाच. पस्तीस जागा रिकाम्या. दोन-तीन मुलं इकडेतिकडे दाटीवाटीने बसतीलच. सगळं कसं चपखल बसत होतं. तरी तो चौकोन तिच्या डोळ्यांत कुसळासारखा सलत होता. बिल्डरने तिथे एक नमुना घर सजवून ठेवलं होतं. जाऊन बघायचं, असं तिने ठरवलं.

नेमकी त्याच आठवड्यात तिची आई घरात पडली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. ती स्वतःही हॉस्पिटलातच मुक्कामाला होती आणि नकाशाची फाईल पिशवीत घालून तिथे नेली होती. चौथ्या दिवशी काका भेटायला आले. आईशी तासभर गप्पा मारल्या, तिला हसवलं, उशी सरळ केली. मग बाहेर बाकावर बसल्यावर तिने फाईल काढली.

"काका, ही अभ्यासिका म्हणजे काय भानगड असेल? मला नमुना घर बघायचं होतं, पण आईला सोडून कशी जाऊ?"

"तू कशाला जातेस? आईपाशी बस. मी रिकामाच आहे, उद्या बघून येतो."

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. "अगं, खोली कसली, कोनाडा आहे. टेबल-खुर्ची मावली तर नशीब. दोघंही नोकरी करणारी, घरी बसून काम करणारी जोडपी तिथे येणार. मुलंबाळं कुठली! कर सही."

तिने हॉस्पिटलच्या बाकावर, मांडीवर फाईल ठेवून सही केली.

दीड वर्षाने संकुलात माणसं राहायला आली. त्यानंतर शाळाप्रवेशाचे अर्ज सुरू झाले, तेव्हा पहिल्याच दिवशी एकट्या त्या संकुलातून ब्याण्णव अर्ज आले. तिला वाटलं, कारकुनाने एकच गठ्ठा दोनदा मोजला. तिने स्वतः मोजले. ब्याण्णवच. आठवडा संपेस्तोवर दीडशेच्या पुढे गेले.

ती उठली आणि संकुलात गेली. वर बघायची गरजही पडली नाही. जिन्याखाली तीनचाकी सायकली एकीवर एक रचल्या होत्या. तळमजल्यावरच्या एका बाईने तिला घरात घेतलं. या बाईला जुळ्या मुली, दोघींचे अर्ज प्रतीक्षायादीत. "बघा ना, किती चांगली खोली आहे त्यांना," म्हणत तिने दार उघडलं. आत दोनमजली पलंग होता, भिंतीतलं कपाट होतं, मोठी खिडकी होती आणि एवढं असूनही दोघी मुली मध्ये फतकल मारून खेळत होत्या.

"ही... ही अभ्यासिका?"

"कसली अभ्यासिका? विकताना मुलांची खोली म्हणूनच दाखवली आम्हाला. नमुना घरात तर कार्टूनचे पडदे लावले होते. आणि शाळा कुठे हो? दोन मिनिटांवर शाळा आहे, मुलींना चालत पाठवा, असं सांगितलं होतं."

"शाळा आहे," ती म्हणाली. "जागा नाही."

"मग ही घरं बांधताना कुणी मोजलंच नाही का?"

पाणी पिऊन ती उठली.

त्या संध्याकाळी घरी जाताना तिला स्वतःपेक्षा काकांचीच जास्त कीव आली. बिचारे म्हातारे! भलतंच घर दाखवून त्यांना गंडवलं असणार. दुसऱ्या दिवशी साहेब आवाज चढवून म्हणाले, "नमुना घर कुणी बघितलं होतं?" तेव्हाही तिने काकांचं नाव ओठांवर येऊ दिलं नाही. "मी चौकशी केली होती. फसवणूक झाली," एवढंच म्हणाली. या वयात त्यांना कशाला त्रास?

पुढचे दिवस अर्ज छाननीत गेले. जुन्या शाळेच्या मुख्याध्यापिका, सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणत, तिच्यासमोर गठ्ठे सोडून बसल्या होत्या. आधी राहत्या पत्त्यावरून ज्यांना जागा मिळाली होती ते अर्ज वर होते. त्यातल्या एकावरची सही बघून ती थबकली. गोल, सावकाश, शेवटी रेघ ओढलेली सही. अकरा वर्षं बघितलेली. मोजणीकाकांची नात. पत्ता काकांच्याच घराचा, शाळेच्या मागच्या गल्लीतला.

"ही काकांच्या मुलीची मुलगी ना? पण ती तर नव्या संकुलात राहते."

"हो, आता राहते. अर्ज जुना आहे तो, दीड वर्षापूर्वीचा," मोठ्या बाई म्हणाल्या. "इतक्या आधी अर्ज घेतो आपण, पण देत कुणी नाही. काका स्वतः घेऊन आले होते. मी म्हटलंसुद्धा, काका, एवढी कसली घाई? तर म्हणाले, पुढे गर्दी होणार आहे, आत्ताच नाव लागलेलं बरं."

तिने तारीख बघितली. तिच्या सहीच्याच दिवसाची होती. म्हणजे ज्या दिवशी ते नमुना घर बघायला जाणार होते, त्याच दिवसाची.

"काय झालं?" मोठ्या बाईंनी विचारलं. "चेहरा का असा पांढरा पडला?"

"काही नाही," ती म्हणाली. मग तो अर्ज त्यांच्यापुढे ठेवला. "याचं तुम्ही ठरवा. पत्ता तपासायचा असेल तर तपासा. मी याला हात लावणार नाही." नियम म्हणून खोडला असता की राग म्हणून, ते तिचं तिलाच सांगता आलं नसतं. आणि सहा वर्षांच्या पोरीने तिचं काही वाकडं केलं नव्हतं.

रविवारी सकाळी ती काकांकडे गेली. काका ओट्यावर वर्तमानपत्र घेऊन बसले होते. तिला बघून खुलले, काकूंना हाक मारून चहा ठेवायला सांगितला. ती उभीच राहिली.

"काका, ती खोली तुम्ही बघितली होती?"

त्यांनी वर्तमानपत्राची घडी केली. मग आणखी एक घडी केली. "बघितली होती."

"पलंग मावत होता?"

"नकाशात अभ्यासिका लिहिलं होतं. मी खोटं काय सांगितलं?"

"कोनाडा म्हणालात."

आतून कपबशांचा आवाज येत होता.

"अभ्यासिका हा शब्द त्यांना कुणी सुचवला?" तिने विचारलं. विचारेपर्यंत तिला स्वतःलाही हा संशय आला नव्हता. काकांनी मान वर केली नाही, आणि तिला उत्तर मिळालं.

"मला त्यांनी बोलावलं गं," काका हळूहळू म्हणाले. "गाडी पाठवली. मोठ्या टेबलाभोवती बसवून घेतलं, काका तुमच्याइतकं यातलं कुणाला कळतं, म्हणाले. ऑफिसातून बाहेर पडल्यावर तीन वर्षांत मला कुणी काही विचारलं होतं का? तू तरी कितीदा आलीस? पोरीला तिथे घर हवं होतं, तेही त्यांनी मनासारखं दिलं. मला वाटलं, होईल काहीतरी, सरकार दोन वर्ग वाढवेल. नेहमी वाढवतंच."

"दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं तर मला एवढं लागलं नसतं. तुम्ही मला सांगितलंत."

"तू बघायला गेली असतीस तर एका मिनिटात ओळखलं असतंस. मीच शिकवलंय तुला."

हे ते कौतुकाने म्हणाले.

"हॉस्पिटलात आलात ते आईसाठी, की सहीसाठी?"

खोटं बोलायची ती वेळ होती, आणि नेमकं तेव्हा त्यांना खोटं बोलवलं नाही.

"दोन्हीसाठी," ते म्हणाले.

काकू चहा घेऊन बाहेर आल्या तेव्हा ती फाटकाबाहेर पडली होती.

सोमवारी तिने संकुलातल्या घरांची मोजणी सुरू केली, एकेक दार वाजवून. नऊ दिवस लागले. कुणी नीट बोललं, कुणी तिची खरडपट्टी काढली; एका आजोबांनी तर "आता उगवलात होय?" म्हणून दार आपटलं. मुलं भरली दोनशे अकरा. तिने अहवाल लिहिला. त्यात आपण नमुना घर स्वतः बघितलं नव्हतं, ऐकीव माहितीवर सही केली, हे लिहिलं. ती माहिती कुणी दिली आणि तो माणूस तेव्हा कुणाचा सल्लागार होता, हेही लिहिलं.

साहेबांनी ते पान दोनदा वाचलं. "तो माणूस एकाही कागदावर नाही. सही फक्त तुमची आहे. हे नाव घालून काय साधणार? बिल्डर कोर्टात म्हणेल, दाखवा पुरावा. तुमच्याकडे आहे काय? एक फोन."

"मला माहीत आहे, साहेब."

"मग काढा ते."

"तुम्ही काढायला सांगितलंत असं लेखी द्या, काढते."

साहेबांनी लेखी दिलं नाही. अहवाल तसाच वर गेला आणि वरती कुठेतरी थंडावला. शाळेसाठी जागा मागायची मुदत केव्हाच टळली होती, आणि मोकळ्या राहिलेल्या शेवटच्या तुकड्यावर दुकानांचे गाळे उभे राहिले होते. निष्काळजीपणाबद्दल तिला मेमो मिळाला. तिने तो स्वीकारला. निष्काळजीपणा झालाच होता. विश्वास टाकला असं मेमोत लिहायची सोय नसते.

जुन्या शाळेच्या खेळाच्या मैदानावर पत्र्याच्या चार खोल्या उभ्या केल्या. मैदान गेलं. शिक्षक पुरेसे नव्हते, म्हणून फक्त पहिलीचे वर्ग सकाळ-दुपार असे दोन वेळा भरवायचं ठरलं. तरीही साठ मुलं उरली. त्यांच्यासाठी एक बस ठरली, शहराच्या दुसऱ्या टोकाच्या शाळेत नेणारी, जायला पाऊण तास आणि यायला पाऊण तास. जुळ्या मुलींच्या आईचं नशीब अर्धंच फळफळलं. एकीला जुन्या शाळेत जागा मिळाली, दुसरीला बस. दोघींना वेगळं कसं करू, म्हणून त्या बाईने दोघींना बसनेच पाठवायचं ठरवलं. रिकामी झालेली जागा यादीत पुढच्या मुलाला गेली. काकांच्या नातीची जागा मोठ्या बाईंनी कायम ठेवली. मुलगी आठवड्यातले तीन दिवस आजोबांकडेच असते, असं शेजाऱ्यांनी सांगितलं होतं, आणि ते खरंही होतं.

शाळा उघडायच्या आधी दोन दिवस तिच्या टेबलावरचा फोन वाजला.

"मी बोलतोय," पलीकडून काका म्हणाले. नेहमीसारखं नाव न सांगता. मग घसा साफ केला. "रागावलीस, कळतं मला. एवढंच विचारायचं होतं. नातीला सकाळची शाळा की दुपारची? तिची आई कामाला जाते, म्हणजे मला तसं ठरवायला."

अशा फोनांची तिला त्या आठवड्यात सवय झाली होती. तिने यादी समोर ओढली.

"अर्ज क्रमांक सांगा," ती म्हणाली.

पलीकडून कागद चाळल्याचा आवाज, आणि काकांनी एकेक अंक सावकाश वाचून दाखवला. तिने बोट खाली खाली नेत ओळ शोधली.

"दुपारची. साडेबाराला गेटवर. उशीर करू नका."

"बरं," काका म्हणाले. त्यांना आणखी काही बोलायचं होतं, पण तिने फोन ठेवला, कारण खिडकीपाशी एक आई कधीची ताटकळत उभी होती.