उणे शून्य

मामाच्या खोलीला खिडकी नव्हती, म्हणून त्याने एक लिहून काढली, हा विनोद संस्थेत इतका जुना झाला होता की नव्या माणसाला तो पहिल्याच दिवशी चहाबरोबर मिळायचा. खोली खरंच बिनखिडकीची होती. एक टेबल, संगणकाचे दोन पडदे, घरघरणारा पंखा, आणि कोपऱ्यात न उघडलेली खोकी. पण मामाने लिहिलेली ‘खिडकी’, म्हणजे त्याचा संगणकावरचा प्रोग्राम, मात्र जगभर उघडी होती.

काम सोपं, पण कटकटीचं. जगातल्या मोठमोठ्या दुर्बिणी आपापली छायाचित्रं सगळ्यांसाठी खुल्या साठ्यात ठेवतात. कोणीही यावं, घ्यावं. फक्त प्रत्येक साठ्याचं दार वेगळं, कडी वेगळी. एक ताऱ्याची जागा अंशांत मागणार, दुसरा तासांत, तिसऱ्याचा सूर कायमच तिसरा. मामाची खिडकी या सगळ्या दारांवर जाऊन गोड बोलायची, छायाचित्रं आणायची, एकावर एक बरोबर बसवायची आणि पडद्यावर मांडायची. ताऱ्याचं नाव टाका, तारा समोर हजर. फुकट. मामाला यातून मिळालं काय, तर शेकडो तक्रारी आणि एक टोपणनाव. टोपणनावही त्याचं स्वतःचं नव्हतं. त्याची भाची शाळेत असताना सुट्टीत इथे येऊन बसायची आणि ‘मामा, मामा’ करून मजला डोक्यावर घ्यायची, तेव्हापासून संचालकांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे त्याला मामाच म्हणत.

भाचीचं घरचं नाव भुंगा. एकदा प्रश्न सुरू केले की समोरच्याचं डोकं पोखरून काढायची. सावली माझ्या मागेच का येते? आकाश संपतं तिथे भिंत आहे का? आठ वर्षांची असताना तिने विचारलं होतं, “मामा, उणे एक असतं, तर उणे शून्य असतं का?” मामा खो खो हसला होता. “उणे शून्य असं काही नसतं गं वेडे. शून्य म्हणजे शून्य. त्याला कशाला हवंय चिन्ह?” ताईने, म्हणजे भुंग्याच्या आईने, हा किस्सा नातेवाइकांत इतक्यांदा सांगितला की तो घरातला वाक्प्रचारच झाला. भांड्यात साखर संपली की ताई म्हणायची, “आपल्याकडे साखर उणे शून्य आहे.”

तीच भुंगा आता मोठी होऊन ताऱ्यांवर संशोधन करत होती, आणि आज तिचा दिवस होता.

तिचा तारा एकटा नव्हता. त्याच्याभोवती धुळीने वेढलेला एक साथीदार फिरत होता आणि सत्तावीस वर्षांतून एकदा तो ताऱ्याच्या बरोबर समोर येऊन त्याला झाकून टाकायचा. पूर्ण झाकलेला तो जेमतेम काही तास राहायचा. तेवढ्यात धुळीतून गाळून येणारा प्रकाश पकडला, तर साथीदार कशाचा बनलाय ते कळणार होतं. मागच्या वेळी कोणी बघितलंच नव्हतं. भुंग्याने दोनदा अर्ज केला, दोनदा नाकारला गेला. तिसऱ्यांदा पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाच्या डोंगरावरच्या दुर्बिणीने वेळ दिला. तिची शिष्यवृत्ती यंदा संपत होती. मार्गदर्शकांनी स्वच्छ सांगितलं होतं, हे जमलं तर प्रबंध, नाही तर दुसरं काहीतरी बघ. तिकडे रात्र असेल तेव्हा इकडे दुपार असणार होती. दुपारी ती मामाकडे येऊन, त्याच्याच खिडकीत, तो प्रकाश येताना बघणार होती.

आणि त्याच सकाळी मामाने ती मेल उघडली.

कुणा अनोळखी वापरकर्त्याची होती. अशा मेलकडे मामा सहसा अर्ध्या डोळ्याने बघायचा, कारण दहातल्या नऊ तक्रारी लोकांनी न वाचता बटणं दाबल्याच्या असतात. ‘तुमची खिडकी मला हा तेजोमेघ रिकाम्या जागी दाखवते,’ त्याने लिहिलं होतं. ‘जुन्या यादीत तो विषुववृत्ताच्या खाली आहे. तुम्ही वर दाखवता.’

मामाने चहाचा घोट घेतला आणि यादी काढली. यादीत तेजोमेघ खरंच खाली होता.

आकाशालाही मधोमध एक विषुववृत्त असतं. वरचे अंश अधिक, खालचे उणे. जुन्या याद्यांत अंश एका रकान्यात, कला, म्हणजे अंशाचा साठावा हिस्सा, दुसऱ्या रकान्यात, आणि चिन्ह अंशांच्या अंगाला चिकटलेलं. तारा विषुववृत्ताच्या अगदी लगेच खाली असेल, एका अंशाच्याही आत, तर यादीत लिहिलेलं असतं, उणे शून्य अंश, बारा कला. माणूस हे बरोबर वाचतो. पण मामाची खिडकी अंशांचा आकडा करून घ्यायची, आणि आकड्यांच्या जगात उणे शून्य म्हणजे शून्य. चिन्ह तिथेच गळून पडायचं. तळघरातलं बिऱ्हाड खुशाल तळमजल्यावर दाखवलं जायचं. मामाने खिडकी तपासताना उणे एक घेतलं होतं, उणे साठ घेतलं होतं, ध्रुव घेतले होते. उणे शून्य घ्यायचं त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं.

आणि भुंग्याचा तारा शून्य अंशांवर होता. तिने मोठ्या कौतुकाने सांगितलं होतं, “अगदी उंबऱ्यावर बसलाय रे माझा तारा!” कुठल्या बाजूच्या उंबऱ्यावर, ते मामाने विचारलं नव्हतं. त्याने तिचा अर्ज उघडला. जागा खिडकीतूनच घेतली होती. अधिक. जुनी यादी उघडली. उणे.

त्याला आधी वाटलं, दुर्बिणीच्या लक्षात येईल, ती अर्जासोबतचा नकाशा आकाशाशी ताडून बघते. मग आठवलं, नकाशाही भुंग्याने खिडकीतूनच काढला होता. चुकीची जागा आणि त्याच चुकीच्या जागेचं छायाचित्र, दोन्ही एकमेकांशी तंतोतंत जुळणार होती. कुंपणानेच शेत खाल्लं होतं. नकाशात वर्तुळाच्या मधोमध तारा होता? होता की. आकाशात कुठेही वर्तुळ काढलं तरी एखादा तारा सापडतोच.

पुढचे तास मामाने काय काय केलं ते सांगितलं तर हसू येईल. त्याला आलं नाही. दुर्बिणीची त्या रात्रीच्या कामांची यादी आदल्या दिवशीच कुलूपबंद झाली होती. दुर्बीण यंत्रच चालवत होतं, डोंगरावर माणूस नव्हता, आणि कार्यालयाला सुट्टी होती. मदतीच्या पत्त्यावर मेल टाकली तर क्षणात उत्तर आलं की आपलं म्हणणं आमच्यासाठी फार महत्त्वाचं आहे. शेवटी एक फोन लागला.

“साहेब, मी गेटवर असतो,” पलीकडचा माणूस तोडक्यामोडक्या इंग्रजीत म्हणाला. “गाड्या सोडायचं काम माझं.”

“वर कोणी नाही? दुर्बिणीजवळ?”

“वर कोण जाणार? ती आपली आपली फिरते.”

“तिला थांबवता येईल का हो? जागा चुकलीये.”

गेटवाला खरंच विचार करत राहिला. चांगला माणूस होता. “साहेब, माझ्याकडे फक्त गेटची किल्ली आहे,” तो म्हणाला.

मामाने इतर तीन वेधशाळांना विनवण्या केल्या. एकीने कळवलं, ढग आहेत. दुसरीने कळवलं, आमच्याकडे आत्ता दिवस आहे. तिसरीने काहीच कळवलं नाही. भुंग्याचा फोन बंद होता, ती मुलांचं प्रात्यक्षिक घेत होती. मामाला स्वतःचा इतका राग आला की त्याने खिडकीतली ती ओळ उघडली आणि दुरुस्त करून टाकली. चिन्ह आधी वेगळं वाचायचं, आकडा नंतर. दोन ओळींचं काम. बैल गेला आणि झोपा केला. पण ज्यांनी खिडकीतून जागा उचलून आपापल्या याद्या केल्या होत्या, आणि त्या याद्यांवरून ज्यांनी आणखी याद्या केल्या होत्या, त्यांना कुठे कुठे गाठणार? एका मामाने सगळ्या जगाचा मामा केला होता.

दुपारी जिन्यावर पावलं वाजली. भुंगा आली ती दोन कप कॉफी आणि बिस्किटांचा पुडा घेऊन, नवा शर्ट घालून.

“अंधार पडला असेल ना तिकडे? ढग नाहीत, मी येतानाच बघितलं. तुझं तोंड असं का झालंय? पोटबिट बिघडलंय का? आणि मला एवढे फोन कशाला केलेस?”

“बस,” मामा म्हणाला.

त्याने सांगितलं. फिरवून सांगायचं म्हणून त्याने मनात चार वाक्यं जुळवली होती, ती सगळी विसरला आणि एकदम म्हणाला, “चिन्ह गळालंय भुंग्या. तुझ्या ताऱ्याचं. माझ्या खिडकीत.”

ती आधी हसली. मग यादी बघितली. मग मामाच्या खुर्चीत बसून दुर्बिणीच्या पानावर गेली, स्वतःचं खातं उघडलं, बदलाचं बटण दाबलं. बटण करडं होतं, दाबलं जात नव्हतं. तिने ते पुन्हा पुन्हा दाबलं. मामा मागे उभा राहून बघत होता, आणि त्या करड्या बटणावरचं तिचं बोट बघताना त्याला रडू येत होतं.

“गेटवाल्याशी बोललो,” तो उगाचच म्हणाला.

तेवढ्यात पडद्यावर पहिलं छायाचित्र आलं. साठ्यात पडताक्षणी खिडकीने ते उचललं, फिरवून सरळ केलं, नकाशावर चपखल बसवलं. एवढं नेमकं मामाने कधी काही लिहिलं नव्हतं. मध्ये एक तारा, भोवती हिरवं वर्तुळ, खाली शब्द, ‘लक्ष्य सापडले’. मग प्रकाशाच्या वर्णपटाची पट्टी येऊ लागली, स्वच्छ, बारीक रेघांची, कुणा एका साध्यासुध्या ताऱ्याची. दुर्बीण त्याच्याकडे मन लावून बघत होती.

मामाचा फोन वाजला. ताई.

“काय रे, दिसला का आमच्या बाईंचा तारा?”

मामाने भुंग्याकडे बघितलं. ती पडद्याकडेच बघत होती.

“अजून नाही, ताई.”

“बरं बरं. पहिला पेढा मला म्हणावं,” ताई म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

कॉफी निवून गेली. मामा वाट बघत राहिला. आता विचारेल. असं कसं झालं मामा, तू तपासलं का नाहीस मामा, आता मी काय करू मामा. लहानपणीचा तो प्रश्न तरी विचारेलच, आणि त्याच्याकडे त्याचं उत्तर तयार होतं. असतं गं. तेव्हा चुकलो. उणे शून्य असतं. त्याला वाटत होतं, तिने एकदा विचारावं, म्हणजे तेवढं तरी म्हणता येईल. भुंग्याने काहीच विचारलं नाही.

खूप वेळाने तिने खिडकीत आपल्या ताऱ्याचं नाव टाकलं. आता चिन्ह जागच्या जागी होतं. वर्तुळ विषुववृत्ताच्या खाली सरकलं आणि कुठल्याशा जुन्या साठ्यातलं, ती जन्मायच्या आधीचं, छायाचित्र पडद्यावर उघडलं. तारा लखलखत होता.

तिकडे या घटकेला तो झाकला गेला होता. कोणी बघत नव्हतं.

भुंगा त्या जुन्या छायाचित्राकडे बघत बसली. थोड्या वेळाने तिने बिस्किटांचा पुडा फोडला, एक मामाच्या हातात ठेवलं, एक स्वतः घेतलं. दोघांनीही खाल्लं नाही.