तिसरी खुर्ची

सकाळी साडेनऊला होडी घाटाला लागली. तिघे यायचे होते, दोघेच उतरले.

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. बंगालात भागीरथीच्या काठावर सरकारी पागलखाना आहे. त्याच्या व्हरांड्यात आम्ही तिघी बहिणी एका ओळीत उभ्या असतो. पहिलीवर मॅजिस्ट्रेट साहेब बसतात, दुसरीवर डॉक्टर साहेब. मी तिसरी. त्या दिवशी माझ्यावर मॅजिस्ट्रेट साहेबांची टोपी बसली होती.

आमचा जन्म याच आवारातला. वादळात फणसाचे झाड पडले आणि नबीन सुताराने त्याच्या पिवळ्या लाकडातून आम्हाला घडवले. नबीन इथलाच रोगी. माणसांशी तो बोलत नसे, लाकडाशी मात्र बोलायचा. मला रंधा मारताना म्हणायचा, "हलू नकोस गं. तुझ्यावर जमीनदार बसणार आहेत, चांगले गलेलठ्ठ." म्हणून त्याने माझे हात रुंद ठेवले. साहेबांनी आमच्यावरून बोटे फिरवून "उत्तम" म्हटले, तेव्हा नबीन हसला होता. पुढच्याच उन्हाळ्यात तो पटकीने गेला. माझ्यावर बसलेले कोणी त्याला दिसले नाही.

सरकारचा कायदा असा आहे की पागलखान्याची देखरेख तिघांनी करावी. महिन्यातून एकदा यावे, कोठड्या पाहाव्यात, भात चाखावा, बरे झालेल्यांना घरी पाठवावे. माणसाला आत घालायला मॅजिस्ट्रेटची एक सही पुरते. बाहेर काढायला मात्र तिघे समोर बसलेले लागतात. तिसरे होते तारिणीबाबू राय, नदीपलीकडचे जमीनदार. त्यांनी मान स्वीकारला, पगडी बांधून साहेबांना भेटून आले आणि इकडे कधी फिरकले नाहीत. कधी मुलीचे लग्न, कधी दुर्गापूजा, कधी पोटदुखी.

माझ्या बहिणींच्या बैठकीचा वेत साहेब बसून बसून खोलगट झाला. माझा मात्र ताणलेला, कोरा. मला त्याची लाज वाटे.

पाहणीच्या आदल्या दिवशी खिरोदा आम्हाला पुसत असे. ती पंचविशीतली होती. बाळंतपणानंतर तिचे डोके फिरले, ती घरातून निघाली आणि कुठल्याशा घाटावर शिपायांना सापडली. इथे आली तेव्हा ती उशी छातीशी धरून बसे. मग हळूहळू झोप आली, जेवण आले, हसू आले. एके दिवशी तिने उशी खाली ठेवली आणि विचारले, "माझा खोका कुठे आहे?" त्या दिवसापासून ती बरी आहे. खोका म्हणजे तिचा मुलगा. आता तो चालत असेल, बोलत असेल, आणि आई कोणाला म्हणत असेल, हा विचार तिला खात असे.

मला पुसताना ती म्हणे, "बाई गं, या खेपेला तरी कोणाला तरी घेऊन ये."

तर त्या सकाळी तिला पुढे बोलावले. डॉक्टर म्हणाले, ही बरी आहे. मॅजिस्ट्रेट साहेबांनी त्यांच्या बंगालीत नेहमीचा प्रश्न विचारला.

"तुझ्या नवऱ्याचं नाव काय?"

खिरोदाने पदर पुढे ओढला आणि मान खाली घातली.

"नवऱ्याचं नाव. बोल."

कोपऱ्यात उभी असलेली मोक्षदा, बायकांच्या कोठड्यांवरची दाई, न राहवून म्हणाली, "हुजूर, बाईमाणूस असं..."

"तुला विचारलं?" साहेब डॉक्टरांकडे वळले. "नवऱ्याचं नाव आठवत नाही, आणि तुम्ही म्हणता बरी आहे? हिला कोणाच्या ताब्यात द्यायचं? आणि तिसरे तरी कुठे आहेत?"

त्यांनी माझ्यावरची टोपी उचलली. पाहणी संपली.

संध्याकाळी मोक्षदा तिच्यावर कडाडली. "अगं टवळे, एक नाव! एकदा तोंडातून काढलं असतंस तर काय जीभ झडली असती?"

"त्यांचं आयुष्य कमी होतं गं मावशी."

"तुझं इथे होतंय ते?"

"माझं होऊ दे. ते गेले तर खोकाकडे कोण बघेल?"

मोक्षदाने खिरोदाच्या डोक्याला तेल लावले, जरा जोरातच.

मग कलकत्त्याहून विचारणा झाली की तिसरे सभासद का येत नाहीत. मान जाईल या भीतीने पुढच्या महिन्यात तारिणीबाबू होडीने, मग घाटावरून पालखीतून आले, नाकाला अत्तराचा रुमाल लावून. ते माझ्यावर बसले. मित्रांनो, माझा वेत करकरला. नबीनने हात रुंद ठेवले होते ते बरोबर होते.

खिरोदा पुढे आली. साहेबांनी तोच प्रश्न विचारला. तिने तसाच पदर ओढला.

तारिणीबाबू खो खो हसले. "अहो साहेब, ती कशी सांगेल? आमच्या लग्नाला तीस वर्षं झाली, घरी मला अजून 'अहो, ऐकलं का' एवढंच नाव आहे!" मग रुमाल न काढताच तिला म्हणाले, "पोरी, बापाचं नाव सांग."

"रामजय मंडल," खिरोदा खणखणीत म्हणाली. "गाव शालुकडांगा. दारात जोड ताड आहेत."

बापाचे नाव तिला आजवर कोणी विचारलेच नव्हते.

तिघांच्या सह्या झाल्या. तारिणीबाबू फार वेळ थांबले नाहीत, त्यांना वास सहन होत नव्हता. पण मी त्यांना नावे ठेवणार नाही. ते घटकाभर बसले, तेवढ्यानेच एक दार उघडले. मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल तेव्हा तुमच्याही नावाची एखादी खुर्ची असेल. तिच्यावर जाऊन बसा. तुम्ही येईपर्यंत कोणीतरी ती रोज पुसत असते.

घेऊन जायला घरचे माणूस हवे, म्हणून शिपाई शालुकडांग्याला गेला आहे. बाप हयात आहे का, नवऱ्याने दुसरे लग्न केले का, इथे कोणालाच ठाऊक नाही.

आज दुपारी मोक्षदा खिरोदाला म्हणाली, "किती वेळ उभी राहशील? बस की तिच्यावर. आज कोण साहेब येतोय?"

ती माझ्या काठावर बसली आहे, अगदी टोकाला. तिचे वजन जेमतेम जाणवते. तिचे दोन्ही हात माझ्या हातांवर आहेत आणि तोंड फाटकाकडे.

चार वाजता होडी घाटाला लागली. शिपाई आधी उतरला, त्याची पगडी भिंतीवरून दिसते. त्याच्यामागे कोणीतरी उतरते आहे, पण मध्ये भिंत आहे. फाटकाचा अडसर अजून निघालेला नाही.